किल्लारीचा धडा दहावीच्या पुस्तकात शेवटी का?

३० सप्टेंबर जवळ आला की आमच्या धंद्यात एक बातमी ठरलेली असते. किल्लारीच्या स्मृतिस्तंभाला अभिवादन, मानवंदना, पुढाऱ्यांची दोन-दोन वाक्यं, आणि एखाद्या म्हाताऱ्या बाईचा डोळे पुसतानाचा फोटो. पंधरा-वीस वर्षं मीही ही बातमी लिहिली. यंदा ती लिहायला बसलो आणि पोरीचा विषय आठवला. म्हणून हे लांबलचक लिहितोय. वेळ असेल तरच वाचा, पण घरात आठवी ते बारावीचं लेकरू असेल तर वाचाच.

२०२४ मध्ये १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास नांदेड हललं होतं, आठवतंय ना? केंद्र हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरीकडं. तीव्रता ४.५. मार्चमध्येही २१ तारखेला पहाटे सहाच्या पुढं दहा-अकरा मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के बसले होते. आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर "तुमच्याकडं जाणवलं का?" विचारलं आणि चहा घेतला. माझी मुलगी तेव्हा दहावीत. ती त्या वेळी एका क्लासमध्ये होती, तिसऱ्या मजल्यावर. वर्गात शंभराच्या आसपास पोरं. धक्का दोन-चार सेकंदांचा. पण तो संपला तेव्हा सगळी पोरं जिन्यात होती. जिना एकच, रुंदी दोन माणसांची, खाली चॅनेल गेट अर्धंच उघडं. एका मुलीचं मनगट मोडलं. माझीच्या गुडघ्याला खरचटलं आणि चप्पल हरवली. भूकंपानं कुणालाच काही केलं नव्हतं. जे झालं ते जिन्यानं केलं.

संध्याकाळी तिला विचारलं, "अगं, भूकंप आला की काय करायचं ते शिकवलं नाही का?" ती म्हणाली, "आहे ना पप्पा, विज्ञान भाग दोनचा शेवटचा धडा. अजून तिथपर्यंत आलो नाही."

पुस्तक काढून पाहिलं. खरंच. दहावं प्रकरण, आपत्ती व्यवस्थापन. प्रकरण वाईट नाही, त्यात प्रथमोपचार आहेत, मॉक ड्रिलही आहे. पण शेवटच्या धड्याचं आपल्याकडं काय होतं हे शिक्षकांना विचारायची गरज नाही. आपण सगळे शिकलोय.

आता मागं जाऊ. १९९३ ला मी आठवीत होतो, अहमदपूरला. २९ सप्टेंबरला गणपती बसवलेल्या पोरांबरोबर विसर्जनाला नाचलो आणि मेल्यासारखा झोपलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आईनं ओढून अंगणात आणलं. भांडी वाजत होती, म्हशींनी दावी तोडली होती. आमच्या वाड्याची एक भिंत फुगली, पडली नाही. दिवस उजाडल्यावर रेडिओ लागला आणि किल्लारी, सास्तूर, मंगरूळ ही नावं कानावर यायला लागली. औसा आणि उमरगा तालुक्यांतली ही गावं सणासुदीला दमून गाढ झोपलेली होती. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. मृतांचा आकडा सरकारी कागदांत ७,९२८ असा भेटतो, दुसरीकडं ९,७००च्या वर. एवढा फरक का, हा वेगळा लेख होईल.

भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४. जगात या ताकदीचे भूकंप दर वर्षी अनेक होतात आणि कित्येक ठिकाणी माणसं मरत नाहीत. मग इथं का? याचं उत्तर मला शाळेत कुणी दिलं नाही. पत्रकार झाल्यावर गवंड्यांकडून कळलं.

आपलं माळवदाचं घर डोळ्यांपुढं आणा. भिंत दोन-तीन फूट जाड. दिसायला किल्ला. पण आतून ती एक भिंत नसतेच. बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून एक, आणि मधे गोटे नि माती भरलेली. दोन्ही पापुद्र्यांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड ठरावीक अंतरावर घालायचा असतो, तो महाग पडतो म्हणून घातलेला नसतो. जोडायला चिखल. वर लाकडी खांब-तुळयांवर पांढरी माती. पावसाळ्याआधी गळती नको म्हणून दर साली नवा थर. आजोबांनी टाकला, वडिलांनी टाकला, काढला कुणीच नाही. होता होता डोक्यावर दीड-दोन फूट माती. जमीन आडवी हलली तेव्हा भिंतीचे पापुद्रे एकमेकांपासून सुटले, दगड आत आणि बाहेर सांडले, वरून ती माती आली. बरेच लोक दगडाखाली चिरडले, आणि बरेच त्या मातीत गुदमरले.

आणि गावाच्या कडेला कुडाच्या छपरात राहणारे? त्यांच्यातले पुष्कळ वाचले. वाड्यात राहणारा गेला, झोपडीवाला उरला. गावागावांत त्याचे देवाधर्माचे अर्थ काढले गेले. अर्थ साधा होता. झोपडीला पडायला वजन नव्हतं.

आम्हाला भूगोलाच्या तासाला काय शिकवलं होतं, तर दख्खनचं पठार हा प्राचीन, स्थिर भूभाग. भूकंप हिमालयात होतात, जपानात होतात. आपल्याकडं कोयनेला १९६७ ला झाला तो धरणामुळं, असं एक वाक्य. यात गुरुजींची चूक नव्हती. देशाच्या अधिकृत नकाशातच आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, झोन एकमध्ये. २००२ ला नकाशा बदलला, झोन एक हा प्रकारच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर झोन तीनमध्ये गेला. म्हणजे नऊ वर्षांनी कागद जागा झाला.

मला जास्त टोचतं ते १९९२. भूकंपाच्या आदल्या वर्षी ऑगस्टपासून किल्लारी भागात धक्के बसत होते. जमिनीतून आवाज यायचे. ऑक्टोबरात एक धक्का चारच्या आसपासचा होता. त्या भागातले लोक आजही सांगतात, काही दिवस आम्ही बाहेर झोपलो, मग थंडी आली, मग सवय झाली. त्या धक्क्यांवरून मोठा भूकंप सांगता आला असता असं मी म्हणत नाही, ते आजही कुणाला सांगता येत नाही. पण त्या वर्षभरात एखाद्या हायस्कुलाच्या गुरुजींना कुणी एवढं जरी सांगितलं असतं, की पोरांना घरी पाठवा आणि माळवदावरची निम्मी माती खाली ओढायला लावा! खर्च काय? एक फावडं आणि चार रविवार. सांगणार कोण, सांगणाऱ्यालाच माहीत नव्हतं.

नांदेडकरांनो, हे तुमच्यासाठीही आहे बरं का. २००६-०७ पासून शहरात गूढ आवाज नि बारीक धक्के चालू झाले होते. लोक रात्री रस्त्यावर यायचे. शास्त्रज्ञ आले, यंत्रं बसली, बातम्या आम्हीच लिहिल्या. शाळांमध्ये पोरांना त्याबद्दल काय सांगितलं, ही बातमी मी एकदाही केली नाही. माझीही चूक धरा.

किल्लारीनंतर मात्र या मातीत एक वेगळीच शाळा भरली होती, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं, त्यात नवी गावं बांधली तशी दोन लाखांच्या आसपास घरं दुरुस्तही करायची होती. घरमालकानं स्वतः करायची, पैसे टप्प्याटप्प्यानं. आता घराला बेल्ट घालायचा, म्हणजे भिंतीला सगळीकडून सिमेंट-लोखंडाचा पट्टा बांधायचा, कोपरे शिवायचे, आरपार दगड घालायचे, हे गावाला समजावणार कोण? स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना उभं केलं. संवाद सहाय्यक म्हणायचे त्यांना. चौथी-सातवी शिकलेल्या बाया गवंड्याला विचारायला लागल्या, पट्टा कुठाय, सळई किती घातली. २००१ ला गुजरातेत भूकंप झाला तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादच्या बाया कच्छात गेल्या, तिथल्या बायकांना सांगायला. लातूरच्या बाईनं कच्छच्या बाईला दगड कसा रचायचा ते शिकवलं, भाषा येत नसताना. त्याच लातूरच्या शाळेत हे शिकवायला त्यातली एक तरी बाई कधी बोलावली का? मी चार-पाच ठिकाणी विचारलं. लोक माझ्याकडं बघत राहिले.

गुजरातचा तो दिवस २६ जानेवारी होता, सकाळी पावणेनऊ. अंजारला शाळेची पोरं प्रभातफेरीला निघाली होती. फेरी अरुंद गल्लीत असताना दोन्ही बाजूंची घरं अंगावर आली. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. पोरं शाळेच्या मैदानात असती तर? हा प्रश्न मला दर झेंडावंदनाला आपल्या जुन्या नांदेडातल्या गल्ल्यांतून फेऱ्या जाताना छळतो.

दोन वर्षांपूर्वी लोहारा तालुक्यात एका शाळेत योगायोगानं थांबलो होतो. आपत्तीचं प्रशिक्षण चालू होतं. बॅनर लागला होता. पोरांना आधीच सांगितलेलं, घंटा वाजली की बाहेर यायचं. घंटा वाजली, पोरं हसत-ढकलत बाहेर आली, फोटो झाले, फोटो ग्रुपवर गेले. बारा-तेरा मिनिटांत उरकलं. निघणार तेवढ्यात सरांनी एका म्हाताऱ्या मिस्तरींना पुढं केलं. पुनर्वसित गावातले. त्या रात्री घरातली तीन माणसं गेलेली. नाव लिहू नका म्हणाले, लिहीत नाही.

त्यांनी भाषण केलं नाही. पोरांना दगड गोळा करून आणायला लावलं. एका पत्र्यावर चिखलात दोन छोट्या भिंती रचल्या, गुडघ्याएवढ्या. एकीत मधे मधे लांब दगड आरपार घातले आणि वरून सुतळीनं गच्च आवळली. दुसरी नुसतीच. दोन्हीवर मातीनं भरलेलं घमेलं ठेवलं. मग दोन पोरांना पत्रा आडवा हलवायला सांगितला. नुसती भिंत तिसऱ्या हिसक्यालाच फुटली, घमेलं पालथं झालं. दुसरीचे वरचे दोन दगड घसरले, घमेलं जागेवर. मैदानात आवाज नव्हता. मग त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या घराला कोणती भिंत हाय?"

नववीतला एक पोरगा म्हणाला, आमचं घर सरकारी, पट्ट्याचं आहे, पण शेजारी वडिलांनी नवी खोली काढली, दगड जुन्या गावठाणातून आणले. मिस्तरी म्हणाले, चिखलात बांधली का सिमेंटात? पोरगा म्हणाला, चिखलात. "मग त्या खोलीत झोपू नको, दाणं ठिव." त्या दिवशी पोरांच्या डोक्यात जे शिरलं ते पाच मार्काच्या प्रश्नानं शिरलं नसतं. पुनर्वसित गावांत फिरा, अशा खोल्या तुम्हालाही दिसतील. ज्या दगडांनी माणसं मारली ते दगड परत आलेत.

आणखी एक, तिथंच निघालेलं. एका मुलीनं विचारलं, पुस्तकात टेबलाखाली बसा म्हणतात, आमच्या घरी टेबल नाही. सरांनी नीट उत्तर दिलं. पक्क्या इमारतीत असाल तर पळायचं नाही, जागेवरच खाली बसायचं, बाकाखाली डोकं घालायचं, बाक धरून ठेवायचा, हलणं थांबलं की ओळीनं बाहेर. जिना ही इमारतीतली कच्ची जागा असते आणि गर्दीनं ती आणखी कच्ची होते. पण घर दगड-मातीचं असेल आणि दार दोन पावलांवर असेल तर उघड्यावर जा, भिंतीपासून लांब. म्हणजे उत्तर एक नाही. मूल कुठं बसलंय त्यावर ते ठरतं. हे दहावीच्या पोराला सहज कळतं, आपण विचारत नाही म्हणून ते सांगत नाही.

जपानचं उदाहरण सगळेच देतात, मीही देतो, पण दोन्ही बाजूंनी. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत कामाईशी शहरातली जवळपास तीन हजार शाळकरी मुलं वाचली. तोशिताका कातादा नावाच्या प्राध्यापकांनी काही वर्षं तिथल्या मुलांबरोबर काम केलं होतं. मुलांनी आपापल्या गल्लीचे नकाशे स्वतः काढले होते. नकाशावर विसंबू नका, प्रसंग बघा आणि आधी तुम्ही पळा म्हणजे बाकीचे पळतील, असं शिकवलेलं. त्या दिवशी मोठ्या वर्गातली पोरं प्राथमिकच्या लेकरांचे हात धरून डोंगराकडं धावली. त्याच दिवशी ओकावाच्या प्राथमिक शाळेत मोठी माणसं मैदानावर पाऊण तासाच्या वर चर्चा करत राहिली. १०८ पैकी ७४ मुलं गेली. पालक कोर्टात गेले आणि जिंकले. देश तोच, तयारीची परंपरा तीच.

आपल्या कोर्टानंही सांगून ठेवलंय. २००४ च्या जुलैत तामिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकाच्या जागेतून आग लागली, गवताच्या छपरानं पेट घेतला, ९४ लेकरं गेली. त्यावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं २००९ ला म्हटलं की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. २००५ ला आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, जिल्ह्याचं प्राधिकरण कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली आलं, २०१६ ला शाळांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. कागद भरपूर आहेत. पण हे सगळं शाळेभोवती फिरतं, आणि आपल्या नांदेड-लातूरचं दहावी-बारावीचं लेकरू दिवसाचे जास्त तास असतं कुठं? क्लासमध्ये, अभ्यासिकेत, होस्टेलवर. लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे. शेतकऱ्याची पोरं डॉक्टर झाली त्यानं. पण तो पॅटर्न आता दुकानांच्या वरच्या मजल्यांवर, पत्र्याच्या शेडखाली, एका जिन्याच्या इमारतीत भरतो. सुरतला २४ मे २०१९ ला अशाच वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागली, पोरं खिडकीतून उड्या मारताना अख्ख्या देशानं पाहिली. २२ गेली. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरलं, स्पर्धा परीक्षेची तीन मुलं बुडाली.

भूकंप रोज येत नाही, मान्य. वीज दर साली येते. एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून माणसं जातात, त्यात रानात गेलेली शाळकरी पोरं असतात, आणि निम्म्या बातम्यांत एकच ओळ: झाडाखाली थांबले होते. पुण्याच्या संस्थेनं काढलेलं दामिनी नावाचं मोफत ॲप आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता दाखवतं. किती पोरांच्या मोबाइलवर आहे? रील्स सगळ्यांच्या मोबाइलवर आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेडमध्ये रातोरात गावांत पाणी शिरलं, हसनाळ, रावणगाव तुम्ही पाहिलंत. तिथं काय झालं ते पुन्हा लिहायला हात धजत नाही. अशा वेळी एनडीआरएफचं आपल्यासाठीचं मुख्य ठिकाण पुण्याकडं. रस्ता मोजा. पहिल्या दोन-तीन तासांत जो येतो तो शेजारी असतो, आणि शेजाऱ्यांत धडधाकट कोण, तर नववी ते बारावीची पोरंच. किल्लारीतही पहिले हात गावातल्या उरलेल्यांचेच होते, सैन्य नंतर आलं.

किल्लारीच्या वेळी भूकंपातली बाराशे मुलं भारतीय जैन संघटनेनं पुण्याला शिकायला नेली होती. आज ती सगळी चाळिशीत असतील, माझ्या वयाची. त्यांच्यातला कुणी हे वाचत असेल तर मला फोन करा. आपण मिळून एखाद्या शाळेत जाऊ. भाषण नको, घमेलं आणि दगड घेऊन जाऊ.

आता पोरीच्या क्लासचं. त्या जुलैनंतर मी मालकांना भेटलो होतो. सभ्य माणूस. म्हणाले, गेट पूर्ण उघडं ठेवलं तर पोरं मधेच पळतात आणि पालकच भांडायला येतात. हेही खोटं नाही, भांडणाऱ्यांत मीही असतो. त्यांनी मागच्या बाजूला लोखंडी जिना लावून घेतला, मोठ्या मनानं. मी त्यावर आभाराची पोस्टही टाकली होती, जुन्या लोकांना आठवेल.

परवा पोरीला सहज विचारलं, तो मागचा जिना वापरता का गं? म्हणाली, त्या दाराला कुलूप असतं. चावी कुणाकडं? वॉचमन काकांकडं. आणि ते कुठं असतात? "खाली. सात वाजता चहाला जातात."

उद्या सकाळी सातला मी तिथं जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर या.